शेवटच्या गाण्यातला दिवंगत

नाव : वेंडेल गॅस्किन्स, ऊर्फ क्रेट. जन्म : १९७२, क्वीन्स, न्यूयॉर्क. व्यवसाय : तबकड्यांची ने-आण. कलाक्षेत्रातील योगदान : १९९४ साली निघालेल्या ‘ओल्या भिंती’ या रॅप-अल्बमच्या निर्मितीकाळात सदर इसमाने तबकड्यांनी भरलेले दुधाचे प्लास्टिकचे क्रेट वेळोवेळी तळघरात उतरवले व वेळोवेळी वर आणले. अल्बममध्ये सदर इसमाचा आवाज, वाद्य अथवा शब्द आढळत नाही. दुसऱ्या बाजूच्या एका गाण्यात ऐकू येणारा खोकला त्याचा असावा असे काही जाणकारांचे मत असून त्यास दुजोरा मिळालेला नाही. स्थिती : मृत. मृत्यूचे कारण : अभ्यासकांत मतभेद.

हे टिपण जुन्या रॅपच्या शौकिनांनी इंटरनेटवर चालवलेल्या एका कोशातलं आहे. वेंडेलने ते कितीतरी वेळा वाचलं होतं, आणि त्याची त्यावर एकच तक्रार होती : खोकला त्याचा नव्हता. तो मार्वाच्या वडिलांचा होता. मतभेदांचा भाग मात्र त्याला मनापासून आवडायचा. एका पंथाच्या मते त्याला गोळी लागली होती. दुसऱ्या पंथाचा कल तळघरातल्या ओलीमुळे जडलेल्या दम्याकडे होता. ओसाकाच्या एका गृहस्थांनी रेल्वे-अपघाताचा सिद्धांत तळटिपांसह मांडला होता, आणि तो इतका पटण्यासारखा होता की पुढे काही दिवस वेंडेल स्वतः फलाटावर जरा मागेच उभा राहत असे.

प्रत्यक्षात तो क्वीन्समधल्याच सेंट ऑल्बन्समध्ये, ज्या घरात वाढला त्याच घरात, आईसोबत राहत होता आणि केनेडी विमानतळावर विमानांच्या पोटात सामान चढवत होता. म्हणजे व्यवसायाच्या रकान्यात कोश फारसा चुकला नव्हता. बायको होती, ती समजूतदारपणे अटलांटाला निघून गेली. मुलगी होती, ती नाताळला यायची आणि बापाला म्हणायची, “बाबा, तुमच्याबद्दल शोधलं की पहिल्यांदा तुमचा मृत्यूच येतो.” त्यावर तो म्हणायचा, “निदान पहिल्या पानावर आहे ना?”

हे सगळं असंच निवांत चालू राहिलं असतं. पण अल्बमला तीस वर्षं झाली, आणि कोणाच्या तरी डोक्यात तो नव्याने काढायचं आलं.

तो कोणीतरी म्हणजे ग्रीनपॉइंटच्या एका छोट्या कंपनीतला गॅरेट नावाचा तरुण. जुने, विसरलेले अल्बम शोधून, धूळ झटकून, जाड कागदाच्या वेष्टनात पुन्हा विकणं हा त्यांचा धंदा. मार्वा क्रिचलोच्या तळघरात बैठक ठरली. मार्वा तेव्हाची डीजे. गयानाहून आलेल्या कुटुंबातली मुलगी. बापाच्या तळघरात दोन टर्नटेबलं मांडून, जुन्या तबकड्यांतले तुकडे पुन्हा पुन्हा फिरवून तिने जे आवाज काढले त्यावर आता विद्यापीठांत निबंध लिहिले जात होते. ती स्वतः शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि त्या निबंधांना मनातल्या मनात गुण द्यायची. ओल काढायला पैसे नव्हते म्हणून भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या होत्या. त्या ओल पिऊन जड झाल्या. म्हणून अल्बममधला प्रत्येक ढोल पाण्याखालून आल्यासारखा वाजतो. निबंधांत याला ‘शहरी एकाकीपणाचं धुकं’ म्हटलेलं होतं.

गॅरेट पायऱ्या उतरून आला, वेंडेलचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“मिस्टर गॅस्किन्स, तुम्ही हयात आहात याचा आम्हांला फार आनंद आहे,” तो म्हणाला. “पण त्यामुळे जरा अडचण झालीय.”

“अडचण कसली? मी बाजूला सरकतो,” वेंडेल म्हणाला.

“तसं नाही. शेवटच्या गाण्यात तुमचं नाव मृतांमध्ये आहे. आमची कंपनी चुका दुरुस्त करते. तो तुकडा आम्ही गाळू शकतो. किंवा असं करता येईल : मिस्टर टिस्डेलच्या आवाजाचे नमुने यंत्राला दिले, तर यंत्र त्यांच्याच आवाजात तुमचं नाव जिवंतांमध्ये घेईल. कळणारसुद्धा नाही. हवं ते बोलून घेता येतं.”

“रॉड्रिककडून हवं ते बोलून घेणं त्याच्या आईलाही कधी जमलं नाही रे बाळा,” मार्वा म्हणाली.

रॉड्रिक टिस्डेल म्हणजे या तिघांतला गाणारा. त्याला जाऊन पंधराएक वर्षं झाली होती. मूत्रपिंडं गेली होती.

“तू बोल, क्रेट,” मार्वा म्हणाली. “मेलेला तू आहेस.”

वेंडेलला काय हवं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या तुकड्याला कोणी बोट लावू नये असं त्याला वाटत होतं. पण तो म्हणाला, “आईला विचारून सांगतो.” बावन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकून गॅरेट हसला, मग मार्वा हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

आता ही चूक झाली कशी ते सांगायला हवं.

त्या काळात सेंट ऑल्बन्सच्या कुठल्याही रस्त्यावर डोळे मिटून चाललं तरी कोणाची गाडी येतेय ते सांगता यायचं. मागच्या डिकीत एवढे मोठे स्पीकर बसवलेले असत की गाण्याआधी नंबरप्लेटच थरथरत पोचायची. जुलैच्या उकाड्यात पोरं बर्फात घालायचे पिवळे बूट घालून फिरत आणि घाम येत नाही असं तोंडावर दाखवत. पँट्स अशा ढगळ की एकीत दोघा भावंडांचा संसार झाला असता. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी कॅसेट, अशी चौथ्या पिढीची नक्कल हातात यायची तेव्हा गाणारा विहिरीतून बोलल्यासारखा वाटायचा, आणि तरी शब्दन् शब्द पाठ असायचा. अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचे. त्यात भक्ती किती होती कोण जाणे. पुढेमागे करण्यात बॅटरी संपायची हे खरं कारण होतं.

आणि शेवटचं गाणं म्हणजे नावं घ्यायचं गाणं. हा रिवाज होता. मागे ताल चालू ठेवायचा आणि गाणाऱ्याने एकेक नाव घ्यायचं : गल्लीतले, शाळेतले, न्हाव्याच्या दुकानातले, उधार सँडविच देणारे. लग्नपत्रिकेत थोरल्या काकांचं नाव राहिलं तर जे होतं तेच इथे व्हायचं. एखादा सुटला की वर्षभर अबोला. जिवंतांची नावं झाली की डीजेने ताल बंद करायचा, आणि त्या शांततेत मेलेल्यांची घ्यायची. त्या वर्षांत गल्लीत गोळ्या फार चालत, म्हणून दुसरा भागही बऱ्यापैकी लांब असे.

१९९४च्या ऑगस्टमध्ये वेंडेलचा मामा वारला, तिकडे दक्षिणेत, साउथ कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्गजवळ. मामाचं नावही वेंडेल. त्याच्यावरूनच भाच्याचं ठेवलं होतं. वेंडेल मावशीसोबत पहिल्या बसने पुढे गेला. त्याची आई, मिस अर्लीन (गल्लीत वडीलधाऱ्या बायकांना मानाने ‘मिस’च म्हणत), रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती; तिला जेमतेम मातीपुरती रजा मिळाली. ती जाऊन परत आली, आणि वेंडेल मामाचं घर आवरायला मागे राहिला. मामाच्या घरचा फोन कधीचाच कापलेला होता.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं, “भगिनी अर्लीन गॅस्किन्स यांच्या वेंडेलला देवाने बोलावलं आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करू या.”

क्वीन्समध्ये मामाचं नाव कोणाला ठाऊक असणार? आणि शोकाच्या घरात प्रश्न विचारत नाहीत. दार वाजवायचं, बाईला मिठी मारायची, भांडं ठेवायचं आणि निघायचं. भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावलेली असते, म्हणजे ते परत येतं. इथे अंत्यविधी झाला नाही याचंही कोणाला नवल वाटलं नाही. निम्म्या गल्लीची माणसं दक्षिणेतच पुरलेली होती, आपल्या गावच्या मातीत. बावीस वर्षांचा मुलगा गेला, याचंही वाटलं नाही. त्या वर्षी त्या वयाचा पोरगा गेला असं ऐकल्यावर ‘कसा’ हा प्रश्न सहसा कोणी विचारत नसे.

भांडी येतच राहिली. तळलेलं चिकन, चीज घातलेली मॅकरोनी, पालेभाज्या, लोण्याचे केक. मार्वाच्या आईकडून बकऱ्याच्या मटणाचा रस्सा आणि टॉवेलात गुंडाळलेल्या रोट्या. रॉड्रिकची आई तर दोनदा आली आणि दोन्ही वेळा दारातच हुंदके देऊन रडली. मिस अर्लीन भारावून गेली. तिचा भाऊ उभ्या आयुष्यात क्वीन्सला आला नव्हता; त्याच्यासाठी परक्या बायका इतक्या हळहळतात! रात्री तिने, तिकडून आपल्या घरी परतलेल्या बहिणीला फोन करून सांगितलं, “आपल्या वेंडेलला इथे किती मानत होते गं, मला पत्ताच नव्हता.”

त्याच आठवड्यात अल्बमचं शेवटचं गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं, आणि ते झालं.

वेंडेल महिन्याभराने परतला, उन्हाने काळवंडून आणि मामाची दोन जाकिटं घेऊन. सामान टाकून सरळ मार्वाकडे गेला. तळघराच्या पायऱ्या उतरला. रॉड्रिक खोक्यावर बसून सँडविच खात होता. त्याने वर पाहिलं आणि सँडविच खाली ठेवलं.

“कोण आहेस तू?” तो म्हणाला.

“डोकं फिरलंय का? क्रेट जागेवर नाहीत. कोणी हलवले?”

रॉड्रिक उठला, त्याने वेंडेलला घट्ट धरलं, हुंगलं, मग मागे सरकून एक सणसणीत कानाखाली लगावली.

“हे कशाबद्दल?”

“मी रडलो रे हरामखोरा! सगळ्यांसमोर रडलो! मार्वाच्या बापासमोर!”

“माझे बाबा म्हणाले, गुणी पोरगा होता,” मार्वा भिंतीला टेकून म्हणाली. “जिवंतपणी कधी म्हणाले नव्हते.”

“अरे पण मी मेलो असं सांगितलं कोणी?”

“सगळ्यांनी!” रॉड्रिक ओरडला. “आणि आता छापून आलंय. पाचशे तबकड्या. तू गेलास लेका, तुला आता येता येणार नाही.”

नवं छापायला पैसे नव्हते. तरी त्यांनी पुढच्या छपाईसाठी म्हणून ते गाणं पुन्हा मुद्रित करायचा प्रयत्न केला होता. रॉड्रिक जिवंतांची नावं घेत घेत वेंडेलपर्यंत यायचा, समोर वेंडेल उभा दिसायचा, आणि तो हसत सुटायचा. चारदोन वेळा झाल्यावर मार्वाने यंत्र बंद केलं. राहू दे म्हणाली. जे आहे ते चांगलं आहे.

मिस अर्लीनला मात्र ते चांगलं वाटलं नाही. आलेली भांडी कोणासाठी होती हे कळलं तेव्हा तिने पहिल्यांदा खुर्ची धरली. रॉड्रिक अल्बमची एक प्रत घेऊन माफी मागायला आला, तेव्हा तिने दाराची साखळीसुद्धा काढली नाही. फटीतून म्हणाली, “माझ्या पोराला मारून वर त्याची प्रत द्यायला आलास होय?”

“चुकून झालं, मिस अर्लीन.”

“चुकूनच होतं. या गल्लीत सगळ्यांचं चुकूनच होतं.”

तिचं काय चुकलं म्हणा. संध्याकाळी वेंडेल घरी येईपर्यंत तिला रोज ज्या गोष्टीची भीती वाटायची, ती कोणीतरी छापून विकायला काढली होती. त्या दिवसापासून ती तबकडी त्या घरात वाजली नाही. रॉड्रिकला पुन्हा त्या घरात जेवायला मिळालं नाही. आणि तो गेला तेव्हा मिस अर्लीनचे पाय इतके दुखत होते की तिला त्याच्या अंत्यविधीला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे चालत बाजारात गेली.

वेंडेलची गोष्ट वेगळी होती. आपल्यामागे कोणी काय म्हटलं हे ऐकायला मिळालेली माणसं जगात फार नसतील. अल्बमच्या बाकी सगळ्या गाण्यांत रॉड्रिक हा ‘ड्यूक टिस्डेल’ होता : कोणाला न भिणारा, सोन्याने मढलेला, तिन्ही लोकांत ज्याच्या तोडीचा कवी नाही असा. त्या काळी सगळेच तसे असत. तसं असणं हे कामच होतं. फक्त शेवटी, ताल थांबल्यावर, ड्यूक निघून जातो आणि तळघरात एकटा रॉड्रिक उरतो. मित्र गेल्यावर वेंडेलने तो तुकडा किती वेळा ऐकला असेल याला गणती नाही. कामावरून आला, पाय वर करून बसला, कानाला लावलं. तो ऐकून त्याला वाईट वाटत नसे. उलट, कोणीतरी खूप महागाची वस्तू आपल्याला फुकट देऊन ठेवली आहे आणि परत मागायला विसरलं आहे, असं वाटे.

तर बैठकीवरून घरी येऊन त्याने आईला विचारलं. मिस अर्लीन घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

“काढून टाकतात म्हणतायत? मग विचारतोस काय? काढ.”

“आई, तिथे रॉड्रिक आहे गं.”

“तो बाकीच्या गाण्यांत आहे की. तिथे ऐक त्याला. पोट भरून ऐक.” तिने एक शेंग मोडली. “मी ऐंशी पार केली, वेंडेल. वर गेल्यावर मला विचारतील, अर्लीन, तुझा मुलगा कुठाय? मी म्हणेन, खाली आहे. ते म्हणतील, पण आमच्याकडे तबकडी आहे.”

“वर रॅप ऐकत असतील?”

“रॉड्रिक गेलाय ना वर? मग ऐकत असतील. त्याला कोण गप्प करणार?”

वेंडेलने आयुष्यात आईचा शब्द सहसा मोडला नव्हता. त्याने स्वयंपाकघरातूनच मार्वाला फोन लावला आणि म्हणाला, “त्या पोराला सांग, गाळा म्हणावं.” हे तो ज्या आवाजात म्हणाला त्या आवाजात माणसं विमानतळावर हरवलेल्या सामानाचं वर्णन सांगतात.

पलीकडून मार्वा म्हणाली, “क्रेट, तुझ्या आईने ते गाणं कधी ऐकलंय का?”

“नाही.”

“एकदाही?”

“घरात येऊच दिलं नाही.”

“मी रविवारी येते,” मार्वा म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी ती टर्नटेबल काखोटीला मारून आली. मिस अर्लीन नुकतीच चर्चमधून परतली होती. डोक्यावर जांभळी हॅट अजून तशीच होती.

“मार्वा, ते यंत्र बाहेर ठेव आणि तू आत ये,” ती म्हणाली.

“मिस अर्लीन, तुम्ही ज्यूरीवर बसला होतात ना?”

“दोनदा.” हा तिच्या अभिमानाचा विषय होता. “आणि दुसऱ्या वेळी सगळ्या अकरा जणांना मीच वळवलं.”

“आरोपीचं न ऐकता वळवलंत?”

मिस अर्लीनने पर्स मांडीवर घेतली, खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, “लाव. पण पहिल्यापासून लाव. मधलंच ऐकून मी निकाल देत नसते.”

वेंडेल दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. बसायचं त्याला सुचलं नाही.

पहिल्या गाण्यावर मिस अर्लीन म्हणाली, “हा एवढा ओरडतोय का? शेजारीच बसलाय ना माइकच्या?” दुसऱ्यावर म्हणाली, “त्याच्याकडे सोन्याचं काही नव्हतं. दातसुद्धा नव्हता.” तिसरं सुरू झालं, आणि ती पुढे झुकली. एक ऑर्गन वाजत होता, पुन्हा पुन्हा तोच तुकडा, आणि त्यामागे बायकांचा एक लांब ‘ओ’.

“थांबव.”

मार्वाने सुई उचलली.

“ही माझी तबकडी आहे. आमच्या जुन्या चर्चच्या गायकवृंदाची. ही माझ्या कपाटातली आहे!”

मार्वा छताकडे पाहू लागली. वेंडेल जमिनीकडे.

“म्हणून ती तिथे अडकते! तीस वर्षं मी म्हणतेय, ‘त्याच्या चरणी’ला आलं की ही बया पुढे का जात नाही!”

“आई, परत आणून ठेवली होती गं.”

“घासून घासून ठेवलीस.” तिने हॅट सरळ केली. “हे ‘ओ’ म्हणतेय ना, ती मीच आहे. डावीकडून तिसरी. लाव पुढे.”

पुढच्या गाण्यांवर ती फारसं बोलली नाही; आपण अल्बममध्ये आहोत हे कळल्यावर माणूस जरा सांभाळून ऐकतं. दुसरी बाजू आली. मार्वाचे वडील खोकले. आणि मग शेवटचं गाणं. रॉड्रिक नावं घेऊ लागला, तालावर, मजेत. मिस अर्लीन ओठांतल्या ओठांत प्रत्येक नावाला उत्तर देत होती. “गेला. गेला. ती फ्लोरिडाला असते. हा पण गेला. हा कोण? हां, न्हाव्याचा जावई. गेला.” जिवंतांच्या भागात आता जिवंत फार उरले नव्हते.

ताल थांबला.

थोडी खरखर. रॉड्रिकने पहिली दोनतीन नावं घेतली, नीट घेतली. मग म्हणाला, “आणि क्रेट.” मग काही नाही. खोकं करकरलं. नाक ओढल्याचा आवाज आला. मागून कोवळ्या मार्वाचा आवाज, दुरून : “बंद करू का?” आणि रॉड्रिक, ड्यूक वगैरे कोणी नव्हे, लिंडन बुलेवार रस्त्यावरचा तेवीस वर्षांचा पोरगा : “नको. थांब. क्रेट माझा भाऊ होता. कधी काही मागितलं नाही त्याने. दोघांनी मिळून उचलायचं असलं की जड बाजू तो घ्यायचा, आणि मला वाटायचं, दोन्ही बाजू सारख्याच आहेत. मिस अर्लीन, आम्हांला माफ करा. आम्ही त्याला सांभाळायला हवं होतं.” पुन्हा खोकं करकरलं. सुई रिकाम्या खोबणीत फिरत राहिली.

मार्वाने हात पुढे केला तेव्हा मिस अर्लीन म्हणाली, “राहू दे फिरत.”

तिने पर्स उघडली, रुमाल काढला, तो न वापरता परत ठेवला.

“त्याची आई माझ्या दारात दोनदा रडली,” ती म्हणाली. “दोनदा चिकन घेऊन आली. तिचा मुलगा गेला तेव्हा मी तिच्याकडे काय नेलं? काही नाही. माझे पाय दुखत होते.” मग मुलाकडे न बघता, “तू हे ऐकत असतोस?”

“हो.”

“जेव्हा मी झोपते तेव्हा?”

“कधीही. कानात घालून.”

“त्या ग्रीनपॉइंटच्या मुलाला सांग,” मिस अर्लीन म्हणाली, “हात लावायचा नाही म्हणावं. रडणाऱ्या माणसाला मधेच उठवत नाहीत. यंत्राने तर नाहीच नाही.” ती उठली, दाराशी आली आणि वेंडेलच्या दंडाला धरून क्षणभर उभी राहिली, खुर्चीतून उठल्यावर तिला आधार लागायचा हे एक कारण होतंच. “आणि तिसऱ्या गाण्यावर आमच्या गायकवृंदाचं नाव घाला. फुकट गात नव्हतो आम्ही. देवासाठी गात होतो.”

गॅरेटला मार्वाने कळवलं. त्याने तुकडा न गाळण्याबद्दल कंपनीची बैठक घेतली, आणि वेष्टनावर ‘ऐतिहासिक कारणास्तव मूळ मजकूर कायम’ असं बारीक अक्षरांत छापायचं ठरलं. वेंडेल हयात असल्याची सूचनाही घालू का, असं त्याने विचारलं. वेंडेल म्हणाला, “कशाला? ओसाकाच्या साहेबांना वाईट वाटेल.”

जून महिन्यातल्या एका रविवारी बेस्ली तलावाच्या बागेत अल्बम वाजवायचा कार्यक्रम झाला. लोक येतील न येतील म्हणून वेंडेलने खुर्च्या बेतानेच उतरवल्या होत्या. लोक गवतावर बसले, झाडांना टेकले, पोट सुटलेली पन्नाशीची माणसं पिवळे बूट घालून आली आणि घाम येत नाही असं तोंडावर दाखवू लागली. मिस अर्लीन चंदेरी कागदाने झाकलेलं मोठं भांडं घेऊन आली. रॉड्रिकची आई कधीच गेली होती, घर विकलं गेलं होतं; भांडं ठेवायला दार उरलं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ते टर्नटेबलाशेजारी ठेवलं.

“मिस अर्लीन, तबकडीला तेल लागेल हो!”

“लागू दे. माझ्या तबकडीचं काय केलंत ते मी बोलले का?”

शेवटच्या गाण्याला सगळी बाग उभी राहिली. नावं आली, तशी कोणी हसलं, कोणी हात वर केला. मग ताल थांबला. “आणि क्रेट,” रॉड्रिक म्हणाला. शेकडो माणसांनी टोप्या काढल्या आणि माना खाली घातल्या. वेंडेलनेही काढली. शेजारच्या एका दाढीवाल्या तरुणाने आपल्या पेल्यातलं थोडं गेलेल्याच्या नावाने गवतावर ओतलं, उरलेलं वेंडेलपुढे धरलं आणि हळूच विचारलं, “काका, तुम्ही त्या काळातले दिसता. क्रेटला ओळखत होतात?”

“थोडंफार.”

“कसा होता?”

वेंडेलने विचार केला. समोर त्याची आई रॉड्रिकचा आवाज संपेपर्यंत उभी होती, डोळे मिटून, हात भांड्यावर.

“नशीबवान होता,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला पहाटेची पाळी होती, म्हणून तो खुर्च्या आवरायला थांबला नाही.